ओढा आणि ढकला : पिचकारीची गोष्ट

पोळा झाला की आमच्या अकोटच्या आसपास कपाशीवर फवारणीची घाई सुरू होते. अशाच एका सकाळी अकरावीच्या प्रात्यक्षिकात मी बॉइलचा नियम समजावून देत होतो. हातात साधी, सुई नसलेली प्लास्टिकची सिरिंज होती. तिचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला की आतली हवा कशी आखडते, ते मुले आळीपाळीने करून पाहत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, पंपाचं नोझल चोक झालं का आमचे बाबा तं तोंडानंच फुकते. ते या सिरिंजनं नाई का होनार?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. तो पंप कीटकनाशकाचा होता. प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर 'होईल' एवढ्या एका शब्दात देणे मला बरे वाटले नाही. ते का होईल, किती चांगले होईल आणि तोंडाने फुंकण्यात धोका कोणता, हे समजायला आधी पिचकारी समजली पाहिजे. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

पिचकारी म्हणजे काय?

पिचकारी म्हणजे एक नळकांडे, त्यात घट्ट बसणारा आणि मागेपुढे सरकणारा दट्ट्या, आणि पुढे एक बारीक तोंड. बस्स, एवढेच. डॉक्टरांच्या हातात गेली की तिला आपण सिरिंज म्हणतो. हा शब्द मूळ ग्रीक. 'सिरिंक्स' म्हणजे बोरूची नळी किंवा त्या नळ्यांचा पावा. आणि आपल्याकडे आजोबा नातवंडांना पिचकारी करून देत ती कशाची? वेळूची! एका पेराचे नळकांडे, पेराच्या गाठीला पाडलेले भोक आणि काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळून केलेला दट्ट्या. नरनाळ्याच्या बाजूने पळसाची फुले आणायची, ती उकळून केशरी रंग काढायचा आणि धुळवडीला एकमेकांना भिजवायचे. म्हणजे ग्रीसमध्ये काय आणि वऱ्हाडात काय, आरंभ पोकळ नळीपासूनच झाला.

पिचकारीने द्रव जोराने सोडून एखादी पोकळी, जखम किंवा झाड धुणे, किंवा शरीरात औषध सोडणे, या क्रियेला इंग्रजीत सिरिंजिंग असा एकच शब्द आहे. आपण कामाप्रमाणे वेगवेगळे शब्द वापरतो : रंग उडवणे, कान धुणे, इंजेक्शन देणे, फवारा मारणे. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत 'बस्ति' नावाच्या उपचाराचे सविस्तर वर्णन आहे. त्यात जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीला नळी बांधून, पिशवी दाबून औषधी द्रव आत सोडत. तिथे दट्ट्या नाही, पिशवी आहे. पण तत्त्व तेच. आतील जागा कमी करा, द्रव वाट मिळेल तिकडे जाईल.

घरात शोधू लागलात तर ही पिचकारी ठिकठिकाणी सापडेल. दिवाळीत आई शेव पाडते तो साचा म्हणजे पिठाची पिचकारी. मेंदीचा कोन आणि टूथपेस्टची नळी ही बस्तीची भावंडे. गॅरेजमधली ग्रीस गन, सायकलचा पंप, हेही त्याच कुळातले. आणि फुरशासारख्या विषारी सापाचा दात? तो तर आतून पोकळ असतो. दाताच्या मुळाशी विषाची पिशवी, तिच्यावर दाब देणारे स्नायू आणि पुढे सुईसारखा तिरप्या तोंडाचा दात. माणसाने इंजेक्शनची सुई करण्यापूर्वी लाखो वर्षे निसर्गाने ती करून ठेवली होती.

पाणी वर कोण ओढते?

आता एक प्रश्न. पिचकारीचे तोंड बादलीत बुडवून दट्ट्या मागे घेतला की पाणी आत येते. ते कोण ओढते? 'दट्ट्या ओढतो' असे बहुतेक जण म्हणतील. पण दट्ट्या आणि पाणी यांच्यात दोरी बांधलेली नाही. खरे तर पाण्याला कोणी ओढतच नाही. त्याला ढकलले जाते!

आपल्या डोक्यावर हवेचा थोरला समुद्र आहे. त्याच्या वजनामुळे समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाएवढा दाब पडतो. बादलीतल्या पाण्यावरही तो पडतो. दट्ट्या मागे घेतला की नळकांड्यातली जागा वाढते, तिथला दाब कमी होतो. बाहेरची हवा पाण्याला दाबतच असते. आतून विरोध कमी झाला की ती पाण्याला पिचकारीत लोटते. गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने हवेच्या या दाबाचे माप दाखवले.

हे एकदा ध्यानात आले की एक मर्यादाही लगेच दिसते. हवा ढकलून ढकलून पाणी किती उंच चढवील? ज्या उंचीच्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाएवढा होईल तेवढेच. ही उंची सुमारे १०.३ मीटर, म्हणजे ढोबळमानाने तेहतीस-चौतीस फूट. गच्चीवर उभे राहून कितीही बळ लावले तरी याहून खोल विहिरीतले पाणी वरून 'ओढता' येणार नाही. दट्ट्याखाली पोकळी होईल, पण पाणी चढणार नाही.

मग गावोगावचा हातपंप दीडशे फुटांवरून पाणी कसा आणतो? त्याची पिचकारीच खाली, पाण्यात सोडलेली असते! वर दिसतो तो फक्त दांडा. दट्ट्या पाण्याला खालून उचलतो आणि उचलण्याला १०.३ मीटरची अट नाही. आपल्या महाराष्ट्राचा या पंपाशी जवळचा संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळात कठीण खडकात विंधन विहिरी घेतल्या गेल्या. पण ओतीव लोखंडाचे घरगुती पंप सार्वजनिक वापरात टिकत नव्हते. जालना आणि सोलापूर येथील मिशनऱ्यांच्या विहीर-योजनांत दणकट पंप तयार झाले, आणि त्यांतल्या सोलापूरच्या पंपाच्या धर्तीवर त्याच दशकात 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप घडला. पुढे तो आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला.

बारीक तोंडाची करामत

आता दट्ट्या पुढे ढकलू. समजा, धुळवडीच्या पिचकारीचे नळकांडे चार सेंटिमीटर व्यासाचे आहे आणि पुढचे भोक चार मिलिमीटरचे. व्यास दहापट लहान, म्हणून भोकाचे क्षेत्रफळ शंभरपट लहान. पाणी दाबून आखडत नाही. जेवढे पाणी दट्ट्याने सेकंदात लोटले तेवढे त्या एवढ्याशा भोकातून सेकंदात बाहेर पडलेच पाहिजे. म्हणून त्याचा वेग शंभरपट होतो. दट्ट्या सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकवा, धार सेकंदाला दहा मीटर वेगाने निघेल.

ही धार सरळ वर सोडली तर किती उंच जाईल? वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागा. शंभर भागिले वीस, म्हणजे पाच मीटर. हवेच्या विरोधामुळे थोडे कमी, पण पहिल्या मजल्यावरच्या मित्राला भिजवायला पुरेसे! आणि दहा मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी छत्तीस किलोमीटर, हेही विसरू नका. एवढ्या वेगाची धार कोणाच्या डोळ्यावर किंवा कानात मारायची नसते, ती याचसाठी.

दाबाचे गणितही पाहून घ्या, कारण शेवटी ते कामास येणार आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. हाताचा जोर तोच, पण दट्ट्या लहान असेल तर दाब अधिक. दहा मिलिलिटरच्या सिरिंजच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ जवळजवळ दोन चौरस सेंटिमीटर असते. अंगठ्याने चार किलोचा जोर लावला, तर आतल्या द्रवावर दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोचा दाब येतो. म्हणजे हवेच्या दाबाच्या दुप्पट! रंगाच्या मोठ्या पिचकारीत तोच जोर बारा-तेरा चौरस सेंटिमीटरवर वाटला जातो आणि दाब एक तृतीयांश किलोच्या आसपास राहतो.

हा दाब द्रवात सगळीकडे सारखा पसरतो, हे ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितले. करून पाहा. दोन मिलिलिटरची एक आणि वीस मिलिलिटरची एक अशा दोन नव्या, सुई नसलेल्या सिरिंज घ्या. त्यांची तोंडे बारीक रबरी नळीने जोडा आणि आत हवेचा बुडबुडा न ठेवता पाणी भरा. लहान दट्ट्या तुम्ही दाबा, मोठा मित्राला दाबायला सांगा. मित्र कितीही बळकट असला तरी हरेल. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे पाचपट आहे, म्हणून तुमच्या एक किलोला तोलायला त्याला पाच किलो लागतात. मात्र फुकट काहीच मिळत नाही. तुमचा दट्ट्या पाच सेंटिमीटर आत जाईल तेव्हा त्याचा एकच सेंटिमीटर बाहेर येईल. रस्त्याच्या कामावर जेसीबी यंत्र माती उचलते तेव्हा त्याच्या हाताला जोडलेली चकचकीत दांडी पाहा. ती तेलाच्या पिचकारीचा दट्ट्याच आहे.

एका पिचकारीत पाणी उकळते!

आणखी एक मजेचा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. साठ अंश सेल्सिअसच्या आसपासचे गरम पाणी दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दोन मिलिलिटर घ्या. हवा पूर्ण काढून टाका. तोंड रबरी टोपणाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढून धरा. पाण्यात बुडबुडे उसळतील, ते चक्क उकळू लागेल! साठ अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण एक पंचमांश असतो. आतला दाब त्याच्या खाली गेला की पाणी उकळते. उकळायला शंभर अंश लागतात हा नियम समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला तर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते.

प्रेशर कुकरमध्ये याच्या नेमके उलट होते. दाब दुप्पट केला की पाणी सुमारे १२१ अंशांपर्यंत तापल्यावाचून उकळत नाही. ही गोष्ट वैद्यकात फार मोलाची ठरली. ती कशी, ते आता पाहू.

सुई आणि स्वच्छता

पोकळ सुईने त्वचेखाली औषध सोडण्याचा प्रयोग डब्लिन येथील फ्रान्सिस रिंड याने १८४४ साली केला. १८५३ मध्ये स्कॉटलंडचा अलेक्झांडर वुड आणि फ्रान्सचा शार्ल प्राव्हाझ यांनी स्वतंत्रपणे पोकळ सुई आणि पिचकारी यांची सांगड घातली. गोळी पोटात विरघळून रक्तात जायला वेळ लागतो. सुईने औषध थेट आत पोचते.

सुईचे टोक तिरपे कापलेले असते, कारण टोक जेवढे अणकुचीदार तेवढे बल कमी क्षेत्रावर एकवटते आणि त्वचा सहज भेदली जाते. सुईच्या पाकिटावर २२, २४, २६ असे क्रमांक असतात. गंमत अशी की क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. २२ क्रमांकाची सुई बाहेरून ०.७ मिलिमीटर जाड, २६ ची ०.४५ मिलिमीटर. मग सर्वांना बारीकच का टोचत नाहीत? कारण बारीक नळीतून द्रवाचे वहन तिच्या आतील त्रिज्येच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते. आतला व्यास निम्मा केला तर त्याच दाबाने सोळावा हिस्साच औषध जाईल. घट्ट औषधाला जाड सुई लागते, ती डॉक्टरांच्या निष्ठुरपणामुळे नव्हे!

सुई थेट शरीरात शिरते, म्हणूनच तिच्याबरोबर जंतूही थेट शिरू शकतात. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हजारो लोकांना ती दिली गेली. पण १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे असे पुढे आले की बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

धनुर्वाताच्या जंतूंची बीजाणू-अवस्था फार चिवट असते. नुसत्या उकळत्या पाण्याला ती दाद देत नाही. मला आठवते, लहानपणी दवाखान्यात काचेची सिरिंज स्टीलच्या डब्यात उकळत ठेवलेली असे आणि ती पाहूनच रडू फुटे. पण बीजाणूंची खात्रीने वाट लावायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, तो यासाठी असतो. आता एकदा वापरून टाकून द्यायच्या सिरिंज आल्या आहेत. लसीकरणात तर अशी सिरिंज वापरतात की एकदा दट्ट्या पूर्ण दाबला की तो अडकून बसतो, पुन्हा मागे येतच नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडची लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा अर्ध्या मिलिलिटरच्या अशाच सिरिंज कोट्यवधींनी लागल्या. दवाखान्यात तुमच्यासमोर नवे पाकीट फोडले जाते की नाही, हे पाहणे हा तुमचा हक्क आहे. आणि कचऱ्यात पडलेली सिरिंज प्रयोगासाठी कधीही उचलू नका.

कानातली पिचकारी आणि नोबेल पारितोषिक

कानात मळ घट्ट बसला की डॉक्टर कोमट पाण्याची पिचकारी मारून तो काढतात. धार सरळ पडद्यावर सोडत नाहीत. ती कानाच्या नळीच्या भिंतीकडे रोखतात, म्हणजे पाणी मळाच्या मागे जाऊन परत फिरताना त्याला बाहेर लोटते. हे 'मागून लोटणे' ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाणी कोमटच का? व्हिएन्नातील डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले की कान धुताना काही रोग्यांना भोवळ येते आणि बुबुळे एका बाजूला झटके देऊ लागतात. पाणी गार असेल तर असे होई. गरम पाणी घेतले तर पुन्हा भोवळ, पण बुबुळांचे झटके उलट दिशेला! शरीराएवढ्या, म्हणजे ३७ अंशांच्या पाण्याने मात्र काहीच होत नसे. बारानींनी अर्थ लावला तो असा. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्यांत द्रव आहे. एका बाजूने तो तापला की हलका होऊन वर चढतो, गार झाला की खाली उतरतो, जसे चुलीवरच्या पातेल्यातले पाणी फिरते तसे. द्रव हलला की मेंदूला वाटते डोकेच फिरते आहे. या संशोधनासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. गंमत म्हणजे १९८३ साली अंतराळातील स्पेसलॅबमध्ये, जिथे वजनच जाणवत नाही आणि गरम द्रव वर चढू शकत नाही, तिथेही काही प्रमाणात हे झटके दिसले. म्हणजे बारानींचे स्पष्टीकरण बरेचसे खरे, पण पुरे नव्हे. विज्ञान असेच पुढे जाते.

हा उद्योग घरी मात्र करायचा नाही. पडद्याला भोक असेल तर पाणी मध्यकर्णात जाऊन इजा होते, आणि भोक आहे की नाही हे डॉक्टरच पाहू शकतात.

मळ्यातली पिचकारी

झाडांनाही पिचकारीने अंघोळ घालतात. आमच्या अकोट-अंजनगाव पट्ट्यात विड्याच्या पानांचे आणि पानपिंपळीचे मळे आहेत. अशा सावलीच्या, ओलाव्याच्या पिकांना काय किंवा तुमच्या परसातल्या वेलींना काय, नुसत्या पाण्याचा फवारा अनेक कामे करतो. पानांवरची धूळ जाते. पानाच्या खालच्या बाजूला राहणारे बारीक लाल कोळी धारेने निखळून पडतात. शिवाय पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे पाने गार होतात. माठातले पाणी गार होते तसे.

आता येऊ या पाठीवरच्या फवारणी पंपाकडे. तोही पिचकारीच. दांडा हलवला की टाकीतला दट्ट्या द्रव ओढतो आणि ढकलतो. पण फवारा तुटकतुटक न येता सलग कसा येतो? आत हवेची बंद कोठी असते. द्रव तिच्यात शिरून हवेला आखडतो, आणि दट्ट्या मागे येत असताना ती हवा स्प्रिंगप्रमाणे द्रवाला पुढे ढकलत राहते. हा बॉइलचा नियम शेतात राबतो आहे! दट्ट्याचा वायसर झिजला की दाब टिकत नाही, एवढेच.

पुढचे नोझल धारेचे थेंब करते. एक मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबाचे एक दशांश मिलिमीटरचे हजार थेंब होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ दहापट होते. म्हणून थोड्या औषधात पुष्कळ पाने भिजतात. मग थेंब जितके बारीक तितके चांगले का? नाही! येथेच धोका आहे.

अर्धा मिलिमीटरचा थेंब हवेतून सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने पडतो. एक दशांश मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे पाव मीटर, आणि त्याच्याही पाचव्या हिश्श्याएवढा थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर. दीड मीटर उंचीवरून पहिला पाऊण सेकंदात खाली येतो, दुसरा पाच-सहा सेकंदांनी, तिसरा दोन मिनिटांनी. तेवढ्यात ताशी सात किलोमीटरची झुळूक पहिल्याला दीड मीटर, दुसऱ्याला दहा-अकरा मीटर आणि तिसऱ्याला दोनशे मीटरच्या पुढे नेईल. तोही वाटेत वाळून निव्वळ विषाचा कण उरतो. तो धुऱ्यापलीकडच्या माणसाच्या श्वासात, विहिरीत किंवा फवारणाऱ्याच्याच अंगावर येतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात भरती करावे लागले. त्या हंगामात कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती. पंपाचे नोझल खांद्याच्या वर धरावे लागले की बारीक तुषार तोंडावर येणारच. त्यातून वारा, दमट उन्हात घामाने भिजलेला सदरा आणि एकाहून अधिक विषारी औषधांचे मिश्रण. अशी अनेक कारणे एकत्र आली. यातले पहिले कारण तरी निव्वळ पदार्थविज्ञानाचे आहे, आणि ते तुम्हांला आता समजले आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

आता नोझल तुंबले. आत काय झाले? गाळाचा कण आतल्या बाजूने येऊन भोकात बसला. तो ज्या बाजूने आला त्याच बाजूने फुंकले तर अधिकच रुतेल. त्याला पुढून मागे लोटले पाहिजे, कानातल्या मळाप्रमाणेच. आणि जोर? माणसाने छाती भरून फुंकले तरी दर चौरस सेंटिमीटरला एक दशांश किलोच्या आसपास दाब मिळतो. दहा मिलिलिटरच्या सिरिंजने, आपण वर काढले तसे, दोन किलो. वीसपट! म्हणजे जे काम फुप्फुसे धडपणे करूच शकत नाहीत, त्यासाठी माणूस विषाला ओठ लावतो. ओठांची आणि तोंडाची ओली त्वचा विष झटकन शोषते, आणि फुंकून झाल्यावर श्वास आत घ्यावाच लागतो.

म्हणून घरच्या मोठ्या माणसांना हे दाखवा. आधी पंपाचा दाब सोडायचा. हातमोजे घालून नोझल काढायचे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या नव्या, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये स्वच्छ पाणी घ्यायचे. तिचे तोंड नोझलच्या पुढच्या भोकावर टेकवून, उलटी बाजू तोंडापासून दूर शेताकडे ठेवून जोराने पिचकारी मारायची. नाही निघाले तर जुन्या दातघासणीने घासायचे आणि पुन्हा पिचकारी मारायची. तार खुपसायची नाही. भोक मोठे झाले तर थेंबांचा आकार बिघडतो. ती सिरिंज रंगाने खूण करून पंपाच्या पेटीतच ठेवायची. घरात आणायची नाही, मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. आणि टाकी भरताना औषध गाळून घेतले तर ही वेळच क्वचित येईल. वारा असेल तर फवारणी थांबवायची, वाऱ्याकडे पाठ ठेवायची, तोंड-नाक झाकायचे. तुम्ही मुलांनी मात्र पंप पाठीवर घ्यायचाच नाही. तुमचे काम समजावून सांगण्याचे आहे.

पंधरा दिवसांनी तो मुलगा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. मी विचारले, "काय रे, दाखवलं का बाबांना?"

"दाखवलं जी. आदी हासले. मंग एक डाव मारून पायली, आन् पेटीतच ठेवून घेतली. आता शेजारचे काका बी मांगाले येते."

मित्रांनो, भौतिकशास्त्राचा पेपर तुम्ही द्यालच. पण बॉइल, पास्कल आणि बारानी यांना एखाद्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर नेऊन पाहा. एक साधी सिरिंज, थोडे स्वच्छ पाणी आणि 'हे असे का?' हा प्रश्न, एवढे सोबत असले की पुरे. तुमच्या गावात अजून कोणी तोंडाने नोझल फुंकते का, ते या हंगामात जरूर पाहा.